सोफ्यातली वाफ आणि गोळीतलं औषध

२००७च्या सुमारास फिनलंड आणि ब्रिटनमध्ये त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठ, मांड्या भाजल्यासारख्या लाल झालेले रुग्ण येऊ लागले. बहुतेकांच्या घरी नवा सोफा आला होता. चामड्याला बुरशी लागू नये म्हणून त्यात डायमिथाइल फ्युमरेटच्या पुड्या ठेवलेल्या होत्या. अंगाच्या उबेनं त्याची वाफ होई आणि कपड्यांतून कातडीपर्यंत पोचे. २००९मध्ये युरोपीय संघानं अशा वस्तूंवर बंदी घातली. जर्मनीत मात्र सोरायसिसचे रुग्ण हेच रसायन १९९४पासून गोळीतून घेत होते, दाह कमी व्हावा म्हणून!

या रेणूच्या मधोमध दोन कार्बनांचा दुहेरी बंध आहे. दोन्ही बाजूंचे एस्टर गट तिथले इलेक्ट्रॉन ओढून घेतात. इलेक्ट्रॉनांची अशी तूट पडलेला कार्बन सिस्टीन या अमिनो आम्लातल्या गंधकाला जाऊन चिकटतो. आपल्या पेशींतल्या कीप१ या प्रथिनात अशी सिस्टीनं भरपूर असतात. एरवी कीप१ हे एनआरएफ२ नावाच्या प्रथिनाची सतत विल्हेवाट लावत असतं. सिस्टीनला काही चिकटलं की ते काम अडतं. एनआरएफ२ साठतं, केंद्रकात शिरतं आणि पेशीचं रक्षण करणारी जनुकं जागी करतं. दाह ओसरण्याचा हा एक महत्त्वाचा मार्ग.

प्रश्न आहे तो कार्बनची ही भूक किती असावी याचा. साध्या फ्युमरिक आम्लावर शरीरातल्या द्रवांत ऋणभार येतो, भूक मंदावते आणि गंधकाशी त्याचं फारसं जुळत नाही. क्रियाशीलता वाढली तर रेणू नको त्या प्रथिनांनाही चिकटतो. अशी बदललेली प्रथिनं प्रतिकारसंस्थेला परकी वाटतात; सोफ्यावर बसणाऱ्यांना झालेली ॲलर्जी ती हीच. गोळीतून घेतलेलं औषध रक्तात पोचायच्या आधीच बहुतांशी मोनोमिथाइल फ्युमरेट या सौम्य रूपात बदललेलं असतं. म्हणून नुसता रेणू पाहून त्याला विष किंवा औषध ठरवणं मला चुकीचं वाटतं. तो कुठून आणि किती शिरतो हेही पाहायला हवं.

थक्क करणारी गोष्ट म्हणजे शरीर स्वतःही असा रेणू बनवतं. जंतूंशी लढणाऱ्या मॅक्रोफेज पेशींत इटाकोनेट साठतं आणि तेही कीप१च्या सिस्टीनांना जोडलं जातं, हे २०१८मध्ये दाखवलं गेलं. त्याची क्रियाशीलता मंद, पण साठा मोठा.

संशोधकांनी आणखी एक वाट शोधली: जुळून पुन्हा सुटणारा बंध. बार्डोक्सोलोन मिथाइल सिस्टीनला धरतं आणि सोडतंही. मधुमेहानं मूत्रपिंडं निकामी होत चाललेल्या रुग्णांवरची त्याची मोठी चाचणी २०१२मध्ये थांबवावी लागली, कारण हृदय निकामी होण्याचं प्रमाण वाढलं होतं. त्याच घराण्यातल्या ओमावेलोक्सोलोनला २०२३मध्ये अमेरिकेत फ्रीडरीख अटॅक्सिया या दुर्मीळ आनुवंशिक आजारासाठी मान्यता मिळाली. ते घेणाऱ्यांच्या यकृताची तपासणी मात्र ठरावीक काळानं करावीच लागते.