पेडल टिकतं, क्लीट झिजते



गेल्या पावसाळ्यात आपल्या रविवारच्या सायकल फेरीत एक अपघात झाला, हे बहुतेकांना ठाऊक आहे. जांबोटीहून बेळगावला परतताना आमच्यातले एक काका चौकात थांबायला गेले. पाय पेडलमधून सुटलाच नाही आणि ते सायकलसकट डाव्या अंगावर आडवे झाले. मागून गाडी येत नव्हती म्हणून मनगटावर निभावलं. पण हात प्लास्टरमध्ये गेला आणि गणपतीची आरास त्यांना खुर्चीत बसून पाहावी लागली.

त्यानंतर दोन प्रश्न आम्हाला वारंवार विचारले गेले. घरच्यांचा प्रश्न होता, पाय सायकलला अडकवायचेच कशाला? आणि सायकलवाल्यांचा, एवढं महाग पेडल खराब कसं निघालं? दोन्हींची उत्तरं एकत्र द्यावीत म्हणून हा लेख.

पाय अडकवायचा कशाला?

पूर्वी शर्यतीच्या सायकलींना पेडलवर लोखंडी पिंजरा आणि चामडी पट्टा असे. पाय आत सरकवायचा, पट्टा आवळायचा आणि थांबण्याआधी वाकून तो सैल करायचा. त्या पिंजऱ्याला ‘टो क्लिप’ म्हणत. १९८४ मध्ये लुक या फ्रेंच कंपनीनं बर्फावरच्या स्कीच्या खटक्याची कल्पना पेडलला लावली. बुटाच्या तळाला एक पट्टी बसवायची, ती पेडलवर दाबली की ‘खट्’ करून अडकते आणि टाच बाहेर वळवली की सुटते. १९८५ मध्ये बर्नार्ड इनो या पेडलांवर टूर द फ्रान्स जिंकला आणि मग पिंजरे हळूहळू गेले. ‘क्लिप’ गेली म्हणून नाव पडलं ‘क्लिपलेस’. पाय अडकतो तरी नाव मात्र ‘क्लिप नसलेलं’, हा गोंधळ तिथून आला.

फायदा साधा आहे. पाय पेडलवर रोज एकाच जागी पडतो. चढावर उभं राहून जोर लावला किंवा पावसात पेडल ओलं झालं तरी तो घसरत नाही. चोर्ल्याच्या घाटात ज्यांनी सायकल मारली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. अर्थात तळ्यापर्यंत जाऊन परत यायचं असेल तर साधी चप्पल आणि साधं पेडलही पुरतं.

काय टिकतं, काय झिजतं

या जोडीतल्या दोन वस्तूंचं आयुष्य अगदी वेगळं असतं, आणि आपल्यातले बरेच जण इथंच चुकतात.

पेडलचा दांडा पोलादाचा असतो. तो बेअरिंगवर फिरतो, आणि बऱ्याच पेडलांना जिथं क्लीट टेकते तिथं स्टीलचा पत्रा असतो. जरा निगा राखली तर चांगलं पेडल कित्येक वर्षं चालतं. उद्यमबागेत लेथवर आयुष्य काढलेल्या आपल्या सभासदांना हे लगेच पटेल. पोलाद, ग्रीस आणि बेअरिंग सांभाळली की यंत्र चालतं.

रोड सायकलची क्लीट मात्र बहुधा प्लास्टिकची असते आणि बुटाच्या तळातून बाहेर आलेली असते. म्हणजे चालताना आपण बुटावर नाही, क्लीटवर चालतो. चहाच्या टपरीसमोरची खडी, देवळाच्या पायऱ्या आणि आपल्याकडची जांभा दगडाची लाल माती तिला कानशीसारखी घासते. त्यातही सिग्नलला जो पाय आपण खाली टेकतो त्या बाजूची क्लीट आधी जाते. बहुतेकांचा तो डावा पाय असतो, कारण आपण रस्त्याच्या डाव्या कडेनं चालतो. टायरसारखी क्लीटही संपणारच, असं धरून चालावं. ती बदलावी लागली म्हणजे पेडल वाईट निघालं असं नाही.

क्लीट झिजली की पाय पेडलवर डोलतो, जोर लावताना खटका अचानक सुटतो किंवा आत बसताना नेहमीचा आवाज येत नाही. अशा वेळी काही जण पेडलची स्प्रिंग आवळतात. तो उपाय नव्हे. झिजलेली कड तशीच राहते, वर सुटायला जास्त जोर लागू लागतो. शिमानोच्या तीन स्क्रूच्या क्लीटला रबरासारखे भाग असतात. ते घासून खालचा रंग दिसू लागला की क्लीट बदलायची.

त्या दिवशी नेमकं काय झालं

काकांचं पेडल आम्ही नंतर उघडून पाहिलं. त्यात काही बिघाड नव्हता. क्लीटही अजून चालण्यासारखी होती. दोष निघाला स्क्रूंमध्ये. तीनपैकी दोन वाटेत कुठेतरी गळून पडले होते.

आता सुटण्याची क्रिया डोळ्यांपुढे आणा. टाच बाहेर वळते, तिच्यासोबत बूट, बुटासोबत क्लीट, आणि क्लीटची कड स्प्रिंगला बाजूला ढकलते. एकच स्क्रू उरला की क्लीट त्याच्याभोवती भिंगरीसारखी फिरते. टाच वळते, बूट वळतो, क्लीट मात्र पेडलमध्ये जिथल्या तिथं. कितीही पिळलं तरी पाय सुटत नाही. म्हणजे हजारो रुपयांचं पेडल धड होतं आणि काही रुपयांच्या स्क्रूनं मनगट मोडलं.

असं चालत्या सायकलवर लक्षात आलं तर घाबरून पाय पिळत बसू नका. वेग कमी करा, दुसरा पाय सोडून त्या बाजूनं थांबा. मग बुटाचा पट्टा काढून पाय बुटातून बाहेर घ्या आणि बूट पेडललाच राहू द्या.

निगा कशी राखावी

स्क्रू. बहुतेक क्लीटना ४ मिमीची ॲलन चावी लागते. नवी क्लीट बसवल्यावर पहिल्या फेरीनंतर आणि पुढे महिन्यातून एकदा स्क्रू तपासा. शिमानोच्या रोड क्लीटसाठी ५ ते ६ न्यूटन-मीटर एवढी घट्ट बसवणी पुरते. अंगातली सगळी ताकद लावली तर आटे जातात. स्क्रूच्या आट्यांना थोडं ग्रीस लावावं, नाहीतर पावसात ते गंजून बसतात. डोक्यात भरलेली माती आधी टोच्यानं काढा. मातीवरच चावी फिरवली की खाच गोल होते आणि मग स्क्रू निघता निघत नाही.

क्लीट बदलताना. जुनी काढण्यापूर्वी तिच्याभोवती मार्करनं रेघ ओढा आणि नवी त्याच जागी बसवा. जागा थोडी हलली तरी गुडघे कुरकुरतात. दोन्ही पायांच्या एकदमच बदला. रंगही बघून घ्या. शिमानोची पिवळी क्लीट पायाला ६ अंश हलू देते, निळी २ अंश, लाल अजिबात नाही. लुक किओमध्ये लाल ९ अंश, करडी ४.५ आणि काळी शून्य. एका कंपनीची लाल सर्वांत मोकळी, तर दुसरीची लाल सर्वांत घट्ट. दुकानात नुसतं ‘लाल द्या’ म्हणू नका.

पेडल. दांडा धरून पेडल आडवं हलवून पाहा. खडखडलं किंवा फिरवताना दाणे दाणे लागले तर बेअरिंगचं काम निघालं आहे. धुताना पाण्याचा जोराचा फवारा दांड्याच्या फटीवर मारू नका, आतलं ग्रीस जातं. पेडल क्रँकला बसवताना आट्यांना ग्रीस लावाच. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पान्हा वरच्या बाजूला धरून पुढच्या चाकाकडे फिरवला की दोन्ही पेडलं आवळली जातात, मागे फिरवला की सुटतात, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

पावसाळा. जून ते सप्टेंबर आपल्या भागात चिखल टळत नाही. ज्यांना मध्येच उतरून चालावं लागतं त्यांनी दोन स्क्रूच्या एसपीडी पद्धतीचा विचार करावा. ती क्लीट धातूची आणि बुटाच्या तळात दबलेली असते, त्यामुळे झिजते कमी आणि चालायलाही बरी. रोड क्लीटच ठेवायची असेल तर रबरी टोपणं खिशात ठेवा, टपरीवर उतरलात की चढवा.

निघण्यापूर्वी एक मिनिट

काका आता बरे आहेत आणि पुन्हा येऊ लागले आहेत. त्यांच्याच सूचनेवरून आम्ही एक शिस्त लावून घेतली आहे. निघण्याआधी प्रत्येकानं भिंतीला हात टेकून दोन्ही पाय तीनदा अडकवायचे आणि सोडायचे. एकदा जरी अडखळलं तरी बूट काढून तळ बघायचा. ॲलन चावी आणि दोन-चार जादा स्क्रू आता आमच्या सामायिक पिशवीत असतात.

नव्या सभासदांनी पहिल्या दिवशी पेडलची स्प्रिंग अगदी सैल ठेवावी आणि मैदानावर गवतात सराव करावा. सुरुवातीला एकदा तरी पडायला होतं. आम्हीही पडलो आहोत. ते पडणं शिकण्याचं असतं. सैल स्क्रूमुळे पडायची वेळ मात्र पुन्हा कुणावर येऊ नये.