पांतानालचा साप, बंगळुरूची बॅग

एप्रिल 2024 मध्ये बँकॉकहून बंगळुरूच्या केम्पेगौडा विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात सीमाशुल्क अधिकाऱ्यांना दहा पिवळे अ‍ॅनाकोंडा सापडले. हा साप मूळचा दक्षिण अमेरिकेचा. बोलिव्हिया, ब्राझील, पॅराग्वे, अर्जेंटिना इथल्या दलदलींत तो वाढतो. घरात काहीतरी जगावेगळं पाळायच्या हौसेने त्याला बॅगेत कोंबलं.

त्याच्या मायभूमीत आज त्याच्यासाठी बरंच काम चाललं आहे. ब्राझीलमधला पांतानाल हा त्याचं घर असलेला विस्तीर्ण पाणथळ प्रदेश 2020 मध्ये पेटला. आग विझताच संशोधक जळलेल्या जमिनीवर ठरावीक रेषांत चालत गेले आणि मेलेले प्राणी मोजले. त्यावरून निघालेला अंदाज हादरवणारा होता: सुमारे 1 कोटी 70 लाख पृष्ठवंशी प्राणी मेले, आणि त्यांत लहान सापांची संख्या सर्वांत मोठी होती.

अर्जेंटिनाच्या फोर्मोसा प्रांताने वेगळी वाट धरली. कातड्यासाठी तिथे पिवळ्या अ‍ॅनाकोंडाची बेसुमार शिकार होत असे. 2002 पासून ती नियमांत बांधली गेली: ठरलेला हंगाम, ठरावीक लांबीहून मोठेच साप आणि कातड्यांची नोंद. त्या नोंदींतून शास्त्रज्ञांना सापांच्या संख्येचा कल कळतो. दलदल राहिली तरच उत्पन्न राहील, म्हणून स्थानिकांनाही ती जपावीशी वाटते.

चोरून आणलेल्या सापाच्या नशिबी यातलं काहीच नाही. तो कुठून आला हेच ठाऊक नसल्याने त्याला पुन्हा निसर्गात सोडणंही धोक्याचं, कारण त्याच्यासोबत रोग जाऊ शकतो. आणि मालकाने कंटाळून त्याला इथल्या तळ्यात सोडलं तर? काचेच्या टाकीसाठी आणलेला दक्षिण अमेरिकेचा सकर मासा आज बंगळुरूच्या तलावांत आहे, आपल्या उजनी धरणातल्या मच्छीमारांच्या जाळ्यांतही येतो.

वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 मध्ये दुरुस्ती झाली. ज्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे असे विदेशी प्राणीही त्यामुळे कायद्याच्या कक्षेत आले. 2024 च्या नियमांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर त्याची नोंदणी करायला हवी. त्याचं हस्तांतरण, जन्म, मृत्यू हेही कळवायला हवं.

पण विमानतळावरची तपासणी ही शेवटची चौकी आहे. पहिली चौकी गिऱ्हाइकाची. मुलांना अ‍ॅनाकोंडाचं कुतूहल असेल तर त्यांना पुस्तकं द्या, माहितीपट दाखवा, प्राणिसंग्रहालयात न्या. साप मात्र विकत घेऊ नका. मागणी थांबली, तरच ही तस्करी थांबेल.