लेखांक 9 : कण्यांचा प्रश्न

या आठवड्यात कुत्र्यांच्या डबाबंद खाद्याची पाळी होती. पण जतहून एका वाचकांचा प्रश्न आला आणि चार दिवस मला दुसरं काही सुचलं नाही. डबा पुढच्या वेळी उघडू.

त्यांच्याकडे दोन कारवानी कुत्री आहेत. खायला रोज ज्वारीच्या शिजवलेल्या कण्या आणि वर दूध. ते विचारतात, "शिजवलं की स्टार्च उघडतो, पचायला सोपा होतो, असं तुम्ही लिहिलंत. मग आमची कुत्री एवढी मोठी, वास मारणारी शी का करतात? भाऊ मुंबईहून पाकिटातलं खाद्य आणतो, त्यातही ज्वारीच असते, पण तेव्हा शी निम्म्यावर येते."

फार छान निरीक्षण आहे हे. पाकिटात मांस आणि चरबी असते, थोडक्यात भागतं, हे एक कारण झालंच. पण दुसरं कारण ज्वारीतच दडलंय, आणि ते मला गेली कित्येक वर्षं भुरळ घालत आलंय.

मागे मी फक्त स्टार्चबद्दल बोललो, प्रथिनं राहून गेली. ज्वारीचं मुख्य प्रथिन काफिरिन. ते दाण्यात अतिसूक्ष्म गोळ्यांमध्ये भरलेलं असतं. गोळीच्या आतला भाग तसा पचण्याजोगा असतो, पण बाहेरच्या थरातल्या प्रथिनांत गंधक जास्त. पाण्यात शिजवलं की त्या गंधकाचे एकमेकांशी बंध जुळतात आणि गोळी शिवून टाकल्यासारखी बंद होते. पाचकरस बाहेरच राहतो. म्हणजे एकाच पातेल्यात, एकाच आचेवर, स्टार्च उघडतो आणि प्रथिन मिटतं! तांदूळ, गहू, मका यांच्यात हे इतक्या ठळकपणे घडत नाही.

1980च्या आसपास पेरूमध्ये लहान मुलांना ज्वारीची पेज देऊन मोजमाप झालं, तेव्हा प्रथिनं जेमतेम 46 टक्के पचली. पुढे कोंडा काढून एक्स्ट्रूडरमधून, म्हणजे पाकिटातलं कोरडं खाद्य ज्यात बनतं त्या यंत्रातून, काढलेली ज्वारी दिली, तर आकडा 81वर गेला. मुलांचे आकडे कुत्र्यांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण गोळी तीच आणि शिवणही तीच.

एक्स्ट्रूडरमध्ये पाणी कमी, दाब प्रचंड, आणि मळसूत्राची घुसळण अशी की गोळ्या फुटतात. स्टार्चही पुरता मोकळा होतो. इलिनॉय विद्यापीठात 1999 साली कुत्र्यांना तांदूळ, ज्वारी, बार्ली, बटाटा अशी वेगवेगळी पिठं एक्स्ट्रूड करून दिली, तेव्हा 99 टक्क्यांहून जास्त स्टार्च लहान आतड्यातच पचला. याची किंमत मात्र मोजावी लागते. तापवताना प्रथिनातलं लायसिन हे अमिनो आम्ल साखरेला चिकटून वाया जातं, आणि ज्वारीत ते मुळातच तुटपुंजं.

आता वासाकडे येऊ. न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात गेला तर जिवाणू त्याचं ब्युटिरेट करतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर जगतात. न पचलेलं प्रथिन गेलं तर अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतात. कण्या खाणाऱ्या कुत्र्याच्या शीला वास येतो त्यात याचा वाटा असणार. दुधानेही भर पडते, कारण बऱ्याच प्रौढ कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचत नाही.

मग पाकीटच घ्यायचं का? त्याआधी एक करून पाहा. सुदानमध्ये किसरा ही ज्वारीची पातळ पोळी आंबवलेल्या पिठाची करतात, आणि आंबवून मग शिजवलेल्या ज्वारीचं प्रथिन साध्या पेजेपेक्षा चांगलं पचतं, हे तपासून पाहिलेलं आहे. आपल्याकडे ही युक्ती आंबिलीत आहे. ज्वारीचं पीठ रात्रभर ताकात भिजवा, आंबट वास सुटला की सकाळी शिजवा. मीठ नको, लसूण तर अजिबात नको, वरचं दूधही बंद. जोडीला उकडलेलं अंडं द्या, लायसिनची उणीव भरून निघेल. बदल एकदम नको, आठवडाभरात थोडा थोडा करा.

जतच्या वाचकांना मी हेच कळवलंय. दोनपैकी एकाच कुत्र्याला आंबील द्या, दुसऱ्याच्या कण्या तशाच ठेवा, आणि पंधरा दिवस दोघांच्या शीची रोज नोंद करा, असंही लिहिलंय. वही आली की इथे छापतो.