अमेरिकेतली ‘तीन वर्षं’: शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्याचं गणित कर्ज काढण्याआधी समजून घ्या

विनोबा जयंतीच्या सुमारास आम्ही शाळेची मुलं घेऊन गागोदे बुद्रुकला गेलो होतो. विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी याच गावात झाला. कुराण मुळातून वाचता यावं म्हणून अरबी शिकलेला आणि ‘कुराण-सार’ तयार करणारा हा माणूस आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांना परका वाटत नाही. विनोबांनी आपली शाळेची सर्टिफिकेटं चुलीत घातली, ही गोष्ट सांगितली तेव्हा मुलं खूप हसली.

तिथेच, सहलीसोबत आलेल्या रोह्याकडच्या एका पालकांनी आम्हाला बाजूला घेतलं. त्यांचा मोठा मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याला एमएस करायला अमेरिकेला जायचंय. शहरातल्या एका एजंटने सांगितलं होतं, “दोन वर्षं शिक्षण, मग तीन वर्षांचा वर्क परमिट हमखास. कर्ज आरामात फिटतं.” त्या भरवशावर भाताच्या शेताचा तुकडा तारण ठेवायची तयारी चालली होती. “सर, तीन वर्षं पक्की ना?” एवढंच त्यांना विचारायचं होतं.

पक्की नाहीत. मिळू शकतात, पण अटी पाळून, तारखा सांभाळून आणि दोन टप्प्यांत. असे प्रश्न आता पेण, रोहा, म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड सगळीकडून येतात, म्हणून हा विषय इथे सविस्तर मांडतो आहोत.

आखाती व्हिसाचा अनुभव इथे चालत नाही

आपल्या कोकणी घरांना परदेश नवा नाही. कुवेत, सौदी, दुबई, कतारला एकेका घरातल्या दोन-दोन पिढ्या गेल्या. त्यामुळे कफील कोण, इकामा कधी संपतो, हे आपल्याकडच्या बायकांनाही तोंडपाठ असतं. तिथला क्रम ठरलेला असतो. आधी नोकरी, मग व्हिसा. कफील हातात असल्याशिवाय माणूस विमानात बसत नाही.

अमेरिकेला शिकायला जाणाऱ्याचा क्रम नेमका उलटा आहे. आधी स्वतःच्या पैशाने शिक्षण, मग काही काळ काम करायची परवानगी, आणि त्या काळात आपल्याला ठेवून घेणारी कंपनी शोधणं. विद्यार्थी जातो तो एफ-१ व्हिसावर. हा शिक्षणाचा व्हिसा आहे, नोकरीचा नाही. शिक्षणानंतर त्याच व्हिसाच्या छत्राखाली जी कामाची मुभा मिळते, तिला ‘ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग’, थोडक्यात ‘ओपीटी’ म्हणतात. नावातच ‘ट्रेनिंग’ आहे. जे शिकलो त्याच विषयातलं काम, हा तिचा पाया आहे.

पहिला टप्पा: बारा महिने

एका पदवीच्या पातळीवर ओपीटी बारा महिन्यांची मिळते. त्यासाठी आधी विद्यापीठातल्या अधिकाऱ्याने, ज्याला तिथे ‘डीएसओ’ म्हणतात, सरकारी नोंदीत शिफारस करावी लागते. त्यानंतर ३० दिवसांच्या आत ‘आय-७६५’ हा अर्ज अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे पोहोचला पाहिजे. अर्ज कोर्स संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ते संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंत करता येतो. मंजुरी मिळाली की फोटो असलेलं कार्ड येतं. हे कार्ड म्हणजेच कामाचा परवाना. कार्ड हातात आलं आणि त्यावरची सुरुवातीची तारीख उजाडली, की मगच कामावर रुजू व्हायचं, आधी एक दिवसही नाही.

उदाहरण घेऊ. समजा कोर्स १५ मे रोजी संपतो. अर्जाची खिडकी साधारण १४ फेब्रुवारीला उघडते आणि १४ जुलैला बंद होते. काम सुरू करायची तारीख विद्यार्थ्याने स्वतः निवडायची असते, मात्र ती कोर्स संपल्यापासून ६० दिवसांच्या आतली हवी. त्याने १ जुलै निवडली, तर त्याचे बारा महिने पुढच्या वर्षी ३० जूनला संपतील.

आता यातली सर्वांत महत्त्वाची अट. या काळात बेकार राहण्याचे एकूण ९० दिवसच मिळतात. १ जुलैपासून नोकरीच लागली नाही, तर २८ सप्टेंबरला हे दिवस संपले. मध्ये नोकरी सुटली, तर ते दिवसही यातच मोजले जातात. शनिवार-रविवार धरून. म्हणजे एजंट ज्याला ‘हमखास तीन वर्षं’ म्हणतो, त्यातला मुलगा नोकरीविना राहिला तर तीन महिन्यांत त्याचा तिथला आधार जातो.

नोकरी आठवड्याला किमान २० तासांची आणि शिकलेल्या विषयाशी संबंधित असावी लागते. पहिल्या टप्प्यात बिनपगारी कामही चालू शकतं. पण नातेवाइकाच्या हॉटेलात किंवा किराणा दुकानात रोखीने केलेलं काम यात बसत नाही. उलट ते बेकायदा ठरून सगळंच धोक्यात येतं. आपल्याकडे “जाऊ दे, मामू सांभाळून घेतील” म्हणायची सवय आहे, म्हणून हे स्पष्ट लिहितो.

दुसरा टप्पा: चोवीस महिने, फक्त ‘स्टेम’साठी

सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग आणि मॅथेमॅटिक्स या चार शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘स्टेम’ हा शब्द झाला. या विषयांतल्या पदवीधरांना बारा महिन्यांनंतर आणखी चोवीस महिने मिळू शकतात. बारा आणि चोवीस मिळून छत्तीस. एजंटची ‘तीन वर्षं’ ती हीच.

पण दुसरा टप्पा आपोआप सुरू होत नाही. त्यासाठी या गोष्टी जुळाव्या लागतात:

• पदवी सरकारच्या स्टेम यादीत हवी. कॉलेजने जाहिरातीत ‘टेक’ शब्द वापरला म्हणजे कोर्स स्टेम होत नाही. प्रवेशानंतर मिळणाऱ्या ‘आय-२०’ कागदावर सहा अंकी ‘सीआयपी कोड’ असतो, तो निर्णायक. कॉम्प्युटर सायन्सचा ११.०७०१ यादीत आहे. साध्या एमबीएचा ५२.०२०१ नाही, पण मॅनेजमेंट सायन्सचा ५२.१३०१ आहे. एकाच इमारतीतल्या दोन कोर्समध्ये असा दोन वर्षांचा फरक पडू शकतो.

• कंपनी ‘ई-व्हेरिफाय’ या सरकारी पडताळणी यंत्रणेत नोंदलेली हवी. मोठ्या कंपन्या बहुधा असतात, छोट्या कंपनीला मुलाखतीतच विचारून घ्यावं.

• कंपनी आणि विद्यार्थी दोघांनी मिळून ‘आय-९८३’ हा प्रशिक्षणाचा आराखडा भरून सही करायची. काय शिकवणार, देखरेख कोणाची, पगार किती, हे त्यात लिहावं लागतं. इथे बिनपगारी काम चालत नाही. अमेरिकन कर्मचाऱ्याला त्याच कामाचा जसा पगार मिळतो, तसाच द्यावा लागतो.

• अर्ज पहिला परवाना संपण्याआधी, त्याच्या शेवटच्या ९० दिवसांत करायचा. आपल्या उदाहरणात १ एप्रिल ते ३० जून. वेळेत अर्ज गेला असेल तर निकाल येईपर्यंत जास्तीत जास्त १८० दिवस काम चालू ठेवता येतं. तारीख चुकली तर हा मार्ग बंद.

• दर सहा महिन्यांनी डीएसओला माहितीची खातरजमा करून द्यायची. वर्षाअखेरीस आणि शेवटी स्वतःच्या प्रशिक्षणाचं मूल्यमापन भरायचं. पत्ता किंवा नोकरी बदलली तर दहा दिवसांत कळवायचं.

दोन्ही टप्पे मिळून बेकारीचे दिवस एकूण १५० होतात, पहिल्या टप्प्यात वापरलेले धरून. आणखी एक खाच आहे. शिक्षण चालू असताना ‘सीपीटी’ नावाची कामाची मुभा पूर्ण वेळ बारा महिने वापरली, तर त्या पदवीची ओपीटीच मिळत नाही. लग्न झालेल्यांनी हेही लक्षात ठेवावं की एफ-२ व्हिसावर सोबत गेलेल्या बायकोला तिथे नोकरी करता येत नाही.

तीन वर्षांनंतर काय?

पुढे राहायचं तर बहुतेकांना ‘एच-१बी’ लागतो. त्याच्या वर्षाला साधारण ८५,००० जागा असतात, ६५,००० सर्वांसाठी आणि २०,००० अमेरिकेत मास्टर्स किंवा त्यापुढचं शिक्षण केलेल्यांसाठी. मागणी जास्त असल्याने मार्चच्या सुमारास सोडत निघते. म्हणून स्टेमच्या जादा चोवीस महिन्यांची किंमत मोठी आहे. सोडतीत नाव घालायच्या संधी एकाच्या तीन होतात. पण संधी म्हणजे निवड नव्हे.

त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. तिथे आधीपासून कायदेशीर राहून व्हिसाचा प्रकार बदलून घेणाऱ्यांना ते लागू नाही, असा खुलासा ऑक्टोबरमध्ये इमिग्रेशन खात्याने केला. म्हणजे एफ-१ वरचा मुलगा आपला दर्जा न मोडता तिथेच असणं आता आणखी मोलाचं झालंय.

हेही समजून घ्या की ओपीटी अमेरिकन संसदेच्या स्वतंत्र कायद्याने आलेली नाही. ती सरकारी नियमाने चालते. १९९२ मध्ये हे नाव आलं, २००८ मध्ये स्टेमवाल्यांना १७ महिने जादा मिळाले आणि २०१६ मध्ये ते २४ झाले. तिथल्या कामगारांच्या एका संघटनेने त्याविरुद्ध कोर्टात धाव घेतली. २०२२ मध्ये अपील कोर्टाने ओपीटी वैध ठरवली आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुढची याचिका ऐकायला नकार दिला. तरी जे नियमाने दिलं, ते नियमाने काढताही येतं. आज प्रवेश घेणारा मुलगा दोन वर्षांनी पदवी घेईल, तेव्हा हेच नियम असतील असं छातीठोकपणे कोणी सांगत असेल, तर त्याच्यापासून सावध राहा.

कर्जाचं घड्याळ आणि परवान्याचं घड्याळ

आमच्या मते खरी गोम इथे आहे. आपल्याकडच्या बँकांच्या शैक्षणिक कर्जात साधारणपणे शिक्षणाचा काळ आणि त्यावर एक वर्ष एवढी हप्त्यांना सवलत असते. व्याज मात्र चढत राहतं. आता दोन्ही घड्याळं शेजारी ठेवून बघा. बँकेची एक वर्षाची सवलत संपते, तेव्हाच ओपीटीचे पहिले बारा महिनेही संपत आलेले असतात. कोर्स स्टेम नसेल, कंपनी ई-व्हेरिफायवाली नसेल किंवा अर्जाची तारीख हुकली असेल, तर डॉलरची कमाई थांबते आणि त्याच सुमारास रुपयांचा हप्ता दारात येतो.

अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचं सवलतीच्या काळातलं व्याज केंद्र सरकार ‘पढो परदेश’ योजनेतून भरत होतं. ती योजना २०२२-२३ पासून बंद झाली. काही एजंट अजून तिचं नाव घेतात, विश्वास ठेवू नका. सूद टाळायची इच्छा असलेल्या घरांसाठी हा प्रश्न दुहेरी अवघड आहे. त्यांनी आधी शिष्यवृत्ती, विद्यापीठातली असिस्टंटशिप आणि जमातीतली मदत हे मार्ग पूर्ण तपासावेत.

खोट्या कागदाचा मोह

बेकारीचे दिवस संपत आले की मुलं घाबरतात आणि कागदावर नोकरी दाखवणारे लोक नेमके तेव्हाच भेटतात. २०१९ मध्ये उघडकीस आलं की मिशिगनमधलं ‘फार्मिंग्टन विद्यापीठ’ हे अमेरिकन सरकारनेच उभारलेलं बनावट विद्यापीठ होतं. वर्गात न जाता फक्त व्हिसा टिकवण्यासाठी नाव नोंदवलेले शेकडो विद्यार्थी त्यात अडकले, त्यात भारतीय मोठ्या संख्येने होते. दिलेला करार पाळायची ताकीद आपल्याला दीनने दिलीच आहे. इथे तर खोटी सही सगळ्या आयुष्याचा व्हिसा खाऊन टाकते.

सही करण्याआधी हे विचारा

१. कोर्सचा सीआयपी कोड कोणता? तो सध्याच्या स्टेम यादीत आहे का? विद्यापीठाकडून ईमेलवर लेखी घ्या, एजंटच्या तोंडी नको.
२. फक्त बारा महिनेच काम मिळालं, तर कर्जाचा हप्ता कोण आणि कशातून भरणार?
३. नोकरी न लागताच मुलगा परत आला, तर तारण ठेवलेली जमीन वाचेल का?
४. दुसरे देश पाहिले का? जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, कॅनडात कोर्सनुसार जास्तीत जास्त तीन वर्षांचा परवाना असतो. ब्रिटनमध्ये दोन वर्षं मिळत होती, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि मास्टर्सवाल्यांना १८ महिने मिळतील.

तिसरा प्रश्न विचारला तेव्हा ते पालक बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “हे आम्हाला कोणी विचारलंच नाही.” मुलाला पाठवू नका, असं आम्ही त्यांना सांगितलं नाही. लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठातून किंवा पनवेलच्या कॉलेजातून शिकलेली आपली मुलं कुठेही कमी नाहीत, त्यांनी जावं. आम्ही एवढंच म्हणालो की जमिनीचा कागद बँकेत देण्याआधी या चार प्रश्नांची उत्तरं मुलाच्या हस्ताक्षरात एका वहीत लिहून घ्या. पहिल्याचं उत्तर आणायला मुलाने विद्यापीठाला ईमेल केलाय. उत्तर येईपर्यंत बँकेत जायचं त्यांनी थांबवलं आहे.