टाइलचा रंग : भाजलेला आणि लावलेला

भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीत मँगनीजचे काळे खनिज निघते. बालमित्रांनो, तुमच्या न्हाणीघरातल्या तपकिरी टाइलशी त्याचे नाते असू शकते! मँगनीजचा ऑक्साइड मिसळलेला लेप १००० अंश सेल्सिअसच्याही वर भाजला, की त्याची काच होते आणि रंग त्या काचेतच विरघळतो. तो निघणार कसा?

जुन्या टाइलवर घरी दिलेला तेलरंग मात्र नुसता वर बसतो. गुळगुळीत काचेवर त्याला पकड मिळत नाही, पोपडे निघतात. म्हणून आधी साबणाचा चिकटा धुवा. मग ओल्या पॉलिशपेपरने चकाकी घालवा. (कोरडे घासू नका, ती धूळ छातीला वाईट.) त्या बारीक ओरखड्यांत अस्तर रुतते. टाइल पुरती वाळल्यावरच अस्तर, नंतर रंग. सांध्यांत ओल राहिली, तर पोपडे तिथूनच सुटतील.