रॉ फाईल की शास्त्रज्ञांची फाईल?

नगर जिल्ह्यातील आमच्या स्टुडिओवाल्या बांधवांकडे निकाह-वलिम्याच्या ऑर्डरींबरोबर कधी जुनी सनद, खरेदीखत किंवा वक्फचा कागद फोटोसाठी येतो. अशा वेळी नुसत्या जेपेगवर भागवू नये, असे आम्ही सुचवतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात आणि फाईल दुरुस्त करून पुन्हा पुन्हा सेव्ह केली की बारकावे झिजतात. रॉ फाईलमध्ये सेन्सरने मोजलेला उजेड जवळजवळ तसाच राहतो. १२ बिटला ४०९६ पायऱ्या, १४ बिटला १६३८४. उडालेली शाई त्यातून पुष्कळदा वर काढता येते.

अडचण वेगळीच आहे. कॅननची सीआर३, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू. कुलूप कंपनीचे आणि किल्लीही कंपनीचीच. नवा कॅमेरा घेतला की जुने सॉफ्टवेअर त्याची फाईल उघडत नाही.

शास्त्रज्ञांनी हा प्रश्न आधीच सोडवला. आपल्या पारनेरला लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात खोडद येथे ३० मोठ्या अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या नोंदींतून तयार होणारी आकाशाची चित्रे ‘फिट्स’ या प्रकारात ठेवतात. हा प्रकार १९८१ साली प्रसिद्ध झाला. त्याची रचना कोणालाही वाचायला खुली आहे. फाईलच्या सुरुवातीला ८० अक्षरांच्या ओळींत दुर्बीण, तारीख, मोजमापाचे एकक असे सारे साध्या अक्षरांत लिहिता येते. खातेवहीच्या पहिल्या पानावर वजन-मापांचा खुलासा असावा तसे. पुढे नियम बदलले तरी जुनी फाईल बाद ठरवायची नाही, हा दंडक आहे. व्हॅटिकनच्या ग्रंथालयाने आपल्या हस्तलिखितांसाठी हाच प्रकार निवडला तो उगीच नव्हे.

म्हणून वलिम्याचे फोटो फिट्समध्ये द्यायचे काय? मुळीच नाही, गिऱ्हाईकाच्या मोबाईलवर ते उघडणारही नाहीत. अॅडोबने २००४ साली काढलेली डीएनजी हा मधला मार्ग आहे. ती रॉच आहे, पण तिची रचना जाहीर आहे. मूळ रॉ जपावी, सोबत डीएनजी करावी आणि गिऱ्हाईकाला जेपेग द्यावी. १६ बिट टिफही टिकाऊ आहे, मात्र २.४ कोटी पिक्सेलचा एक फोटो सुमारे १४४ एमबी जागा खातो.

कागदाशेजारी मोजपट्टी व रंगपट्टी ठेवूनच फोटो घ्यावा. तारीख, कागदाचा क्रमांक आणि मालकाचे नाव साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहून त्याच फोल्डरमध्ये ठेवावे. दोन हार्ड डिस्कवर प्रती कराव्यात आणि त्यांचा खर्च बिलात वेगळा दाखवावा. अल्बमच्या दरात हे काम परवडणारे नाही.