सोमवारची रात्र, सोळा वादक

न्यूयॉर्कच्या सेव्हन्थ ॲव्हेन्यूवरचा अरुंद जिना उतरला की ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ हा तळघरातला क्लब लागतो. ७ फेब्रुवारी १९६६ च्या सोमवारी ट्रम्पेटवादक थॅड जोन्स आणि ड्रमर मेल लुईस यांनी इथे आपला बिग बँड उभा केला. स्टुडिओतल्या वादकांना सोमवारी सवड असे, म्हणून हा वार.

कोरोनाकाळातला खंड सोडला, तर ‘व्हॅनगार्ड जॅझ ऑर्केस्ट्रा’ या नावाने ती सोमवारची मैफल आजही रंगते.

पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, पियानो, बास, ड्रम्स. समोर जेमतेम सव्वाशे श्रोते. इतक्या जवळून पितळी वाद्यं एका दमात कडाडली की सूर आधी छातीत घुमतो, मग कानात. हे सुख कुठल्याही रेकॉर्डमध्ये मावत नाही.